दाबलं की झालं?

मध्यंतरी इंटरॅक्शन डिझाइन शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांबरोबर दोन दिवस काम करण्याचा योग आला. एकीने एका जुन्या वाड्याचा फेरफटका बनवला होता. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर, वरचा माळा. ब्राउझरमध्ये चालणारा कच्चा प्रोटोटाइप, चित्रं हाताने काढलेली. फिरायचं ते गेम खेळणाऱ्यांच्या सवयीच्या चार कळांनी : डब्ल्यू पुढे, एस मागे, ए डावीकडे, डी उजवीकडे. तिच्या लॅपटॉपवर सगळं ठीक होतं. सादरीकरणासाठी तो माझ्या लॅपटॉपवर उघडला आणि वाडा जागचा हलेना.

दहा मिनिटं सगळ्यांनी आपापले तर्क लढवले. फाइल नीट आली नाही, ब्राउझर जुना आहे, वगैरे. कारण साधं निघालं. मी आदल्या तासाला मराठीत टिपणं काढली होती आणि माझा कळफलक अजून इनस्क्रिप्टवरच होता. तिचा प्रोग्राम ‘डब्ल्यू’ या अक्षराची वाट बघत होता आणि माझी कळ त्याला दोन मात्रा देत होती. तेही अक्षराशिवायच्या, नुसत्या अधांतरी. इनस्क्रिप्टमध्ये डब्ल्यूच्या जागी दोन मात्रा आहेत, एसच्या जागी एक मात्रा, एच्या जागी काना-मात्रा आणि डीच्या जागी पायमोडक्या अक्षराची खूण. जगभरच्या गेममध्ये चालण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या या चारही कळांवर शिफ्ट न दाबता मराठीत असं एकही चिन्ह येत नाही, जे व्यंजनाच्या आधाराशिवाय उभं राहील.

भाषा बदलली, वाडा चालू लागला, सगळे हसले. विषय तिथेच संपायला हवा होता. पण त्या विद्यार्थिनीने एक प्रश्न विचारला आणि तो माझ्या डोक्यात राहिला. ती म्हणाली, ‘‘पण सर, मी कळ तर दाबली होती ना?’’

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. कीबोर्ड आणि गेम कंट्रोलर वापरून प्रोटोटाइप बनवण्याची सोय आता डिझाइनरला सहज मिळते. तिचं कौतुकही भरपूर होतं. पण कळ दाबणं म्हणजे काय, याबद्दलची एक ठरावीक समजूत या सोयीतून गुपचूप पसरते आहे. ती समजूत अपुरी आहे असं मला वाटतं.

अक्षर की जागा

वाड्यातला घोटाळा तांत्रिक अंगाने आधी नीट समजून घेऊ. प्रोग्रामला कीबोर्डकडे दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. पहिला : कोणतं अक्षर आलं? दुसरा : कोणत्या जागेवरची कळ दाबली गेली? ब्राउझरमध्ये या दोन उत्तरांना ‘की’ आणि ‘कोड’ अशी दोन नावं आहेत. विद्यार्थिनीने पहिला प्रश्न विचारला होता, विचारायला हवा होता दुसरा. कारण तिला अक्षराशी काही देणंघेणं नव्हतं. तिला हवी होती डाव्या हाताच्या तीन बोटांखाली येणारी उलट्या ‘टी’सारखी रचना. अक्षरं त्या जागांवर छापलेली आहेत एवढंच.

फ्रेंच लोकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यांच्या कीबोर्डवर त्याच जागांवर झेड, क्यू, एस आणि डी ही अक्षरं येतात. त्यामुळे अमेरिकी कीबोर्ड डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला गेम त्यांच्या बोटांना वेडावून दाखवतो. आपल्याकडे हा घोटाळा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. याचं एक कारण असं की डिझाइनर इंग्रजी कीबोर्डवरच काम करतात. बहुसंख्य मराठी माणसं मराठी लिहितात ती फोनवर, आणि संगणकावर लिहायचंच झालं तर रोमन अक्षरांतून. रोमनमधून मराठी करणाऱ्या साधनांत तर अक्षर तयार होत असताना प्रोग्रामला मधल्या कळा नीट ओळखूही येत नाहीत. काहीतरी शिजतंय, एवढंच त्याला कळतं.

इनस्क्रिप्टची रचना 1986 सालची, भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या पुढाकाराने झालेली. पुढे 1991 साली भारतीय मानकातही ती आली. तिच्यामागे एक स्पष्ट विचार आहे : स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला. अल्पप्राण आणि महाप्राण यांची जोडी एकाच कळेवर. क आणि ख, त आणि थ, च आणि छ यांच्यात फरक फक्त शिफ्टचा. त्यामुळे लिहिताना हातांना एक लय मिळते : उजवा, डावा, उजवा, डावा. ही रचना करणाऱ्यांनी कीबोर्डकडे अक्षरांची पेटी म्हणून पाहिलं नाही. दोन हातांमधला व्यवहार म्हणून पाहिलं.

गेमच्या चार कळांची रचनाही अशाच व्यवहारातून आली. उजवा हात माउसवर अडकला, म्हणून चालणं डाव्या हाताकडे गेलं. 1997 साली ‘क्वेक’च्या एका स्पर्धेत थ्रेश या टोपणनावाच्या खेळाडूने पहिला क्रमांक पटकावला आणि गेमचे एक निर्माते जॉन कार्मॅक यांची फेरारी गाडी बक्षीस मिळवली. ही रचना लोकप्रिय होण्याचं बरंचसं श्रेय त्याला दिलं जातं. म्हणजे दोन्ही रचनांच्या मुळाशी हात आहे. प्रोटोटाइप बनवताना मात्र आपण हात विसरतो आणि कळेवर छापलेलं अक्षर तेवढं लक्षात ठेवतो.

घंटा वाजली

आता साधनांकडे वळू. डिझाइनच्या क्षेत्रात आज सर्रास वापरलं जाणारं फिग्मा घ्या. त्यात एका चौकटीवरून दुसऱ्या चौकटीवर जाण्यासाठी निमित्त ठरवता येतं : इथे क्लिक केलं की तिथे जा. या निमित्तांत कीबोर्डची कळ किंवा कंट्रोलरचं बटणही निवडता येतं. एक्सबॉक्स, प्लेस्टेशन आणि निन्टेन्डोचा स्विच प्रो, हे कंट्रोलर त्याला ओळखता येतात. टीव्हीवरच्या ॲपचा आराखडा करणाऱ्याला, गेमचा मेनू आखणाऱ्याला किंवा माउस न वापरणाऱ्यांसाठी काही तपासून पाहणाऱ्याला ही सोय फार मोलाची आहे. एक ओळही कोड न लिहिता तुम्ही सोफ्यावर बसून आपला मेनू चालवून बघू शकता. पूर्वी यासाठी प्रोग्रामरच्या मागे लागावं लागे. 2023 पासून त्यात चल आणि अटीही आल्या, म्हणजे एकच कळ परिस्थितीनुसार वेगवेगळं काम करू शकते.

ही सोय वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. आक्षेप आहे तो तिच्यातल्या व्याकरणावर. या व्याकरणात कळ म्हणजे दारावरची घंटा. वाजली किंवा नाही वाजली. किती वेळ दाबून ठेवली, सोडली केव्हा, काठी किती कलंडली, दोन बोटं एकदम होती का, यांतल्या कशालाही इथे क्रियापद नाही.

प्रत्यक्षात ही यंत्रं कितीतरी जास्त बोलतात. कंट्रोलरच्या प्रत्येक काठीला दोन अक्ष असतात आणि ब्राउझरला त्यांची किंमत उणे एक ते अधिक एक यांच्यामध्ये कुठेही मिळू शकते. खांद्यावरचा ट्रिगर शून्य ते एक यांमधला कोणताही अपूर्णांक देऊ शकतो. शिवाय, कीबोर्ड आपणहून दार ठोठावतो, तर ब्राउझरमधल्या कंट्रोलरला दर क्षणी जाऊन विचारावं लागतं : आता कुठे आहेस? आता? आणि आता? सेकंदाला साठ वेळा. त्यामुळे कंट्रोलरकडून मिळते ती घटना नसते, स्थिती असते.

कीबोर्डचंही तसंच. कळ दाबून धरली की आधी एक अक्षर उमटतं, मग थोडं थांबून धडाधड ओळ लागते. ही सोय टायपिंगसाठी आहे. नवशिक्याने बनवलेल्या गेममधली गाडी सुरुवातीला आचका देऊन थबकते आणि मग सुटते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. स्वस्त कीबोर्डवर काही तीन कळा एकदम दाबल्या तर तिसरी पोचतच नाही. एकाच कीबोर्डवर दोन भावंडं खेळत असतील तर या तिसऱ्या कळेवरून भांडणं ठरलेली.

हे बारकावे झाले. पण काही वेळा गोष्टीचा सगळा अर्थ अशा बारकाव्यांतच असतो.

कोपर दुखलं म्हणून

गेम कंट्रोलरचा जन्मच मुळी एका प्रोटोटाइपच्या गैरसोयीतून झाला. 1962 साली एमआयटीमध्ये पीडीपी-1 या संगणकावर स्टीव्ह रसेल आणि मित्रमंडळींनी ‘स्पेसवॉर’ हा गेम बनवला. दोन यानं, मध्ये एक तारा, त्याचं गुरुत्वाकर्षण आणि एकमेकांवर सोडायची क्षेपणास्त्रं. खेळायचं कसं? तर संगणकाच्या दर्शनी भागावर तपासणीसाठी जे खटके होते, तेच वर-खाली करून. खटके चालत होते, यान हलत होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर निमित्त आणि परिणाम यांची जोडणी पूर्ण होती.

पण खेळणाऱ्यांची कोपरं दुखू लागली. खटक्यांची जागा अशी की एका खेळाडूला पडदा नीट दिसे आणि दुसऱ्याला मान वाकडी करावी लागे. घाईत भलताच खटका दाबला जाई. शेवटी ॲलन कोटॉक आणि बॉब साँडर्स यांनी वेगळ्या हातपेट्या बनवल्या. त्यातला एक तपशील मला फार आवडतो. क्षेपणास्त्र सोडायचं बटण मुद्दाम आवाज न करणारं निवडलं होतं, म्हणजे शेजारी खांद्याला खांदा लावून बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला चाहूल लागू नये.

पडद्याची कितीही चित्रं काढली असती तरी ‘बटणाचा आवाज येता कामा नये’ ही गरज त्यातून दिसली नसती. ती दिसली दोन माणसं शेजारी बसल्यावर, दोघांनाही जिंकायचं असताना. प्रोटोटाइप करायचा तो यासाठी, असं मी समजतो. जे आपल्याला ठाऊक आहे ते दाखवायला चित्र पुरतं. कोपर दुखतं हे कळायला खेळावंच लागतं.

डाव्या बोटाला आठवतं

हातातल्या कळेला अर्थ कसा येतो, याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे 2013 साली आलेला ‘ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स’ हा गेम. दिग्दर्शक योसेफ फारेस. हे मूळचे चित्रपट दिग्दर्शक. (ज्यांना गेम खेळायचा आहे त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडून द्यावेत.)

दोन भाऊ आजारी वडिलांसाठी औषध आणायला निघतात. दोघांनाही तुम्हीच चालवायचं, एकाच वेळी. कंट्रोलरची डावी काठी आणि डावा ट्रिगर थोरल्याचा, उजवी काठी आणि उजवा ट्रिगर धाकट्याचा. भाऊ एक बनावट भाषा बोलतात, तिचे शब्द कोणालाच कळत नाहीत. सुरुवातीला मेंदूचा नुसता गोंधळ उडतो. थोरला भिंतीवर आपटतो, धाकटा भलतीकडे जातो. तासाभराने हात सरावतात आणि कोणता भाऊ कोणत्या हाताचा, याचा विचार करावा लागत नाही. धाकट्याला पाण्याची भीती आहे, आई बुडून गेलेली. नदी लागली की तो थोरल्याच्या पाठीला धरतो. म्हणजे तुम्ही उजवा ट्रिगर धरून ठेवता आणि डाव्या काठीने पोहता.

शेवटाकडे थोरला मरतो. धाकटा त्याला पुरतो. आता डावा हात रिकामा आहे, कंट्रोलरचा अर्धा भाग मुका झालेला आहे. घराच्या वाटेवर नदी येते. धाकटा काठाशी येऊन थबकतो. उजवी काठी ढकला, उजवा ट्रिगर दाबा, तो पाण्यात जायला तयार होत नाही. पडद्यावर सूचना नाही. मग कधीतरी डावं बोट आपसूक थोरल्याच्या ट्रिगरवर जातं आणि धाकटा पोहू लागतो.

हा प्रसंग शब्दांत सांगितला तर भाबडा वाटेल. चित्रपटात घेतला तर पार्श्वसंगीतावर ढकलावा लागेल. इथे तो चालतो, कारण ‘दादा’ या नात्याची साठवण तुमच्या डाव्या तर्जनीत झालेली असते. त्या ट्रिगरला स्वतःचा काही अर्थ नव्हता. तीनेक तास धरून, सोडून, चुकून तो आला.

याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवून बघा. 2014 सालच्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : ॲडव्हान्स्ड वॉरफेअर’मध्ये मित्राच्या अंत्यविधीचा प्रसंग आहे. शवपेटीपाशी गेलं की पडद्यावर सूचना उमटते : आदरांजली वाहण्यासाठी एफ दाबा. दाबलं की नायक हात पुढे करतो, संपलं. या सूचनेची जगभर इतकी टवाळी झाली की आज कशाचंही नुकसान झालं की पोरं नुसतं ‘एफ’ लिहून मोकळी होतात. दोन्ही ठिकाणी मृत्यू, दोन्ही ठिकाणी एक बटण. पण एफला मागचा-पुढचा काही संबंध नाही. ती दारावरची घंटा आहे. हात तिथे फक्त परवानगी देतो, कृती करत नाही.

फिग्मातल्या निमित्तांच्या यादीतून बघितलं तर हे दोन प्रसंग हुबेहूब सारखे दिसतात. अमुक बटण दाबलं, पुढची चौकट. फरक दाखवायला त्या भाषेत शब्द नाही, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. साधन ज्या गोष्टी वेगळ्या ओळखू शकत नाही, त्या गोष्टी ते वापरणारा डिझाइनरही हळूहळू वेगळ्या ओळखेनासा होतो.

धरणं आणि सोडणं यांचाही असाच विचार करता येतो. फुमितो उएदा यांच्या ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मध्ये (2005) डोंगराएवढ्या प्राण्याच्या अंगावर लोंबकळताना एक बटण दाबूनच धरावं लागतं. शक्ती संपत जाते, प्राणी अंग झटकतो, तुमचं बोट खरोखर आखडतं. सोडलंत की पडलात. तिथे बटण म्हणजे मूठ.

उलट टोकाला बेनेट फॉडी यांचा 2008 सालचा ‘क्वॉप’. धावपटूला शंभर मीटर पळवायचं. क्यू आणि डब्ल्यूने मांड्या, ओ आणि पीने पोटऱ्या. चार कळा, चारही घंटा म्हणाव्यात अशा साध्या. तरी बहुतेक खेळाडू पाच मीटरच्या आत तोंडावर पडतात. कारण पळणं कळांमध्ये नाही, त्यांच्यातल्या वेळात आहे. सामग्री इतकी साधी असूनही काळाचं भान ठेवलं तर किती काय साधतं, हे या विनोदी गेमने दाखवून दिलं. पेटी वाजवणाऱ्यांना हे सांगायला नको. पेटीची पट्टीसुद्धा दाबली किंवा सोडली एवढंच जाणते. बाकीचं सगळं भात्यावरच्या हातात असतं.

कोणाचा हात

इथे एक रास्त शंका येते. अर्थ हातात असतो म्हटलं तर कोणाच्या हातात? ‘ब्रदर्स’ला दोन काठ्या आणि दोन ट्रिगर लागतात. एका हाताने खेळणाऱ्याने काय करायचं? ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मधली आखडलेली बोटं सांधेदुखी असलेल्याला सौंदर्यानुभव कशी वाटतील? हाताची महती गाताना आपण एका विशिष्ट, धडधाकट हाताची महती गातो की काय?

ही शंका मी उडवून लावत नाही. या बाजूने बघितलं तर घंटेचं व्याकरण लोकशाहीवादी ठरतं. कोणतीही कळ, कोणतंही बटण, कशानेही दाबा. 2018 साली आलेल्या एक्सबॉक्सच्या ॲडॅप्टिव्ह कंट्रोलरवर दोन मोठी बटणं आहेत आणि मागे 19 खाचा. त्यांत पायाने दाबायचं, हनुवटीने ढकलायचं, असं कोणतंही बटण जोडता येतं. हे शक्य झालं ते ‘बटण म्हणजे चालू किंवा बंद’ या साध्या करारामुळे.

तरीही दोन गोष्टी म्हणाव्याशा वाटतात. पहिली, ‘ब्रदर्स’चा अर्थ डाव्या हातात नाही, दोन भावांच्या वेगळेपणात आहे. थोरला पायाखालच्या पट्टीवर आणि धाकटा हनुवटीवर असता, तरी नदीकाठचा तो क्षण घडला असता. पाय आपसूक थोरल्याच्या पट्टीवर गेला असता. जपायचा तो संबंध. अवयव बदलला तरी चालतो. दुसरी, कोणत्या हाताला काय जमत नाही, हे घंटेच्या प्रोटोटाइपमधून कळतच नाही. दाबून धरण्याचा त्रास कोणाला होतो हे समजायला प्रोटोटाइपमध्ये ‘धरणं’ असावं लागतं. तेच नसलं तर सगळ्यांना सगळं जमतंय असं दिसतं आणि त्रास थेट बाजारात आलेल्या वस्तूत भेटतो.

हातासोबत खुणांचाही प्रश्न आहे. प्लेस्टेशनच्या बटणांवरचा गोल आणि फुली मुळात होकार आणि नकार म्हणून योजले होते. जपानमध्ये बरोबर उत्तराला गोल करतात. तिथे वर्षानुवर्षं गोल म्हणजे ‘हो’ आणि फुली म्हणजे ‘नको’. पाश्चात्त्य देशांत मात्र फुलीच ‘हो’ झाली आणि 2020 साली प्लेस्टेशन 5 बरोबर जपानलाही तेच स्वीकारावं लागलं. आपल्या शाळेत गोल म्हणजे भोपळा, नाहीतर लाल शाईने वेढलेला चुकीचा शब्द. टीव्हीच्या प्रोटोटाइपमध्ये ‘गोल म्हणजे मागे जा’ असं ठरवताना आपण कोणाच्या सवयीवर विसंबतो, हा प्रश्न तरी पडावा.

दिसणं आणि वाटणं

यावर व्यवसायातले मित्र म्हणतात, तू प्रोटोटाइपकडून फार अपेक्षा करतोस. तो घाईत करायचा, दाखवायचा, फेकून द्यायचा. सगळं खरं करून बघायचं तर मग वस्तूच बनवा की.

मुद्दा बरोबर आहे. त्याला चांगलं उत्तर स्टेफनी हौड आणि चार्ल्स हिल यांनी 1997 सालच्या एका लेखात देऊन ठेवलेलं आहे. त्यांच्या मते प्रोटोटाइप कच्चा की पक्का हे विचारण्यापेक्षा तो कशाचा प्रोटोटाइप आहे हे विचारावं : वस्तूचं आयुष्यातलं स्थान, तिचं दिसणं-वाटणं, की तिची अंतर्गत बांधणी? एखादा प्रोटोटाइप एकाच बाजूचा असला तरी बिघडत नाही, पण कोणत्या बाजूचा ते ठाऊक हवं.

मला वाटतं, आपण आता ‘दिसणं-वाटणं’ या जोडशब्दाची फोड करायला हवी. बटण दाबून चौकटी बदलणारा प्रोटोटाइप दिसण्याचा असतो. पण हातात खरा कंट्रोलर असल्यामुळे तो वाटण्याचाही आहे असा भास होतो. खोटा कंट्रोलर हातात दिला असता तर निदान शंका आली असती. खऱ्या कंट्रोलरमुळे तीही येत नाही. चाचणीला आलेला माणूस म्हणतो ‘छान वाटलं’, आणि आपण ते टिपून घेतो.

‘सत्य’ लिहिता येईना

शेवटी माझ्या एका अपयशाबद्दल.

टीव्हीवर मराठीत काही शोधायचं झालं तर काय होतं हे अनेकांनी अनुभवलं असेल. पडद्यावर वर्णमाला मांडलेली असते आणि रिमोटच्या बाणांनी एकेक घर सरकत जायचं. क पासून म पर्यंत जायला चार वेळा खाली, चार वेळा उजवीकडे, मग निवड. एका ‘म’साठी नऊ दाब. ‘मराठी’ शब्द पुरा होईतो कार्यक्रम बघायची इच्छा उरत नाही.

मला वाटलं, आपली वर्णमाला तर मुळातच दोन अक्षांवर मांडलेली आहे. उभ्या दिशेने कंठापासून ओठांपर्यंत, आडव्या दिशेने अघोष-घोष, अल्पप्राण-महाप्राण, शेवटी अनुनासिक. कंट्रोलरच्या काठीला आठ दिशा मानल्या तर पाच दिशांना पाच वर्ग, सहाव्या दिशेला य र ल व, सातव्या दिशेला श ष स ह, आठव्या दिशेला उरलेली मंडळी. उजव्या अंगठ्याखालच्या चार बटणांवर वर्गातली पहिली चार अक्षरं, अनुनासिक खांद्यावरच्या बटणावर. डावा अंगठा वर्ग दाखवणार, उजवा अक्षर निवडणार. म्हणजे एक कलंडणं आणि एक दाब, अक्षर तयार. जोडाक्षरासाठी तर फारच सुंदर युक्ती सुचली : बटण धरून ठेवलं की अक्षर अर्धं, सोडलं की पूर्ण. पाय मोडलेला त् माझ्या बोटाखाली अडकून राहणार, पुढचं अक्षर येईपर्यंत.

फिग्मात मी याचे पडदे केले. शब्द उमटताना फार देखणे दिसत होते. ज्यांना दाखवलं ते खूश झाले. उदाहरण म्हणून घेतलेला शब्द होता ‘सत्य’. एक बटण, पुढची चौकट, स. दुसरं बटण, पुढची चौकट, अर्धा त. तिसरं बटण, सत्य.

नंतर वाड्याचा अनुभव आठवला आणि एका मित्राला समोर बसवलं. त्याच्या हातात कशालाही न जोडलेला, बॅटरी नसलेला कंट्रोलर. माझ्यापुढे कागद. त्याने अंगठे हलवायचे, मी बघून अक्षर लिहायचं, पडदा नाही. ‘म्हणून’ सुरू झाला तो मजेत. म खांद्यावर धरलेला, ह चौथ्या बटणावर, म्ह तयार. मग उकार आला. उजवा अंगठा बटणं सोडून उजव्या काठीकडे जायला निघाला आणि हात अडखळला. ते सुधारता आलं असतं, काना आणि वेलांट्या दुसऱ्या खांद्यावर नेता आल्या असत्या. मग त्याने ‘सत्य’ लिहायला घेतला. स ठीक. डावी काठी त वर्गाकडे, उजवा अंगठा पहिल्या बटणावर, धरून ठेवलेला. डावी काठी य कडे. मित्र थांबला. माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘अरे, य पण याच बटणावर आहे. मी ते धरून बसलोय.’’

त आपल्या वर्गात पहिला, य आपल्या ओळीत पहिला. धरलेलं बटण न सोडता तेच बटण पुन्हा दाबायचं होतं. वीसेक पडद्यांच्या त्या देखण्या प्रोटोटाइपमध्ये ‘सत्य’ शब्द मी निदान पन्नास वेळा लिहिला असेन. प्रत्येक वेळी तो बिनचूक उमटला, कारण तिथे कोणी काही धरलेलंच नव्हतं.

आता आम्ही नवीन मांडणी करतो आहोत. बॅटरी मुद्दाम घातलेली नाही.